चाकांवरचे घर आणि हिमनद्यांचा रस्ता

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात खरा उन्हाळा जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचा. या दिवसांत कॅलगरी शहरातून पश्चिमेकडे, रॉकी पर्वताच्या दिशेने निघालात की थोड्या थोड्या वेळाने एक लांबलचक पांढरी गाडी दिसते. बाहेरून मिनीबस, आतून घर. पलंग, गॅसची शेगडी, फ्रीज, जेवणाचे टेबल, न्हाणी आणि संडास. तिथले लोक तिला ‘आरव्ही’ म्हणतात. ती विकत घ्यावी लागत नाही, आठवड्याच्या भाड्याने मिळते. मध्यम आकाराची गाडी अल्बर्टात मोटारीच्या साध्या परवान्यावर चालवता येते.

आम्ही कॅलगरीत राहणारे चौघे. २०२५ च्या जुलैत चिपळूणहून सासू-सासरे आले. अब्बा चौऱ्याहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, दोन्ही गुडघे दुखरे. अम्मींना मधुमेह. इन्सुलिन थंडाव्यात ठेवावे लागते, जेवण वेळेवर लागते, रात्री दोन-तीनदा उठावे लागते. “तुम्ही मुलांना घेऊन फिरून या, आम्ही घरीच बरे,” असे अब्बा म्हणाले. आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे वाक्य ऐकू येते आणि म्हातारी माणसे खरोखर घरीच राहतात. फ्रीज आणि संडास सोबत घेऊन जाणारी गाडी भाड्याने मिळते हे कळल्यावर तो प्रश्न उरला नाही. आठ दिवस सहा माणसे एका छताखाली राहिली.

गाडीचा संसार

या संसाराचा जीव तीन टाक्यांत असतो. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरी आणि बेसिनच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. आमच्या गाडीत स्वच्छ पाणी साधारण दीडशे लिटर मावत असे. आपण संडासात लोटा वापरणारी माणसे, त्यामुळे तिसरी टाकी इतरांपेक्षा लवकर भरते, हे धरूनच चालावे. टाक्या रिकाम्या करण्यासाठी मोठ्या तळांवर खास जागा असते. हातमोजे घालून आधी संडासाची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने नळी धुऊन निघते. हे काम माझ्या पतींनी आणि थोरल्या मुलाने आळीपाळीने केले.

शेगडी आणि फ्रीज प्रोपेन गॅसवर चालतात, तळावर विजेची जोडणी मिळाली तर फ्रीज विजेवर. हलाल मटण आणि कोंबडी कॅलगरीतूनच साफ करून, गोठवून नेली, तांदळाचे पीठही नेले. पण स्वयंपाकाला एक बंधन होते, ते म्हणजे अस्वल. उद्यानात तळाच्या जागेवर अन्न, भांडी, तेलाची बाटली, कचरा, साबणसुद्धा उघड्यावर ठेवायला मनाई आहे. भांडी घासलेले पाणी जमिनीवर ओतायचे नाही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीत येते आणि शेवटी त्यालाच जीव गमवावा लागतो. अम्मींनी एका रात्री बांगडे तळले आणि टेबल पुसण्याआधी काटे बंद झाकणाच्या लोखंडी कचरापेटीत टाकून यायला नातवाला पाठवले. “मुके जनावर आपल्या काट्यापायी मरायला नको,” एवढेच म्हणाल्या.

पाणी, नमाज आणि किबला

दीडशे लिटरमध्ये सहा जणांचा वुजू, स्वयंपाक आणि आंघोळ बसवायची म्हणजे नळ सोडून ठेवता येत नाही. नबी (स.) एक मुद्द, म्हणजे दोन्ही ओंजळी भरतील इतक्या पाण्यात वुजू करत, हे मुलांनी मदरशात ऐकले होते. इथे त्यांनी ते मग भरून करून पाहिले. जमते.

किबल्याचे मात्र अम्मींना नवल वाटले. आपल्याकडे किबला पश्चिमेला. कॅलगरी-बान्फ भागात तो उत्तरेपासून जेमतेम पंचवीस अंश पूर्वेला येतो, कारण पृथ्वी गोल असल्याने मक्केचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाच्या बाजूने जातो. साध्या होकायंत्राची सुईही या भागात खऱ्या उत्तरेपासून दहा अंशांहून अधिक सरकलेली असते, ते लक्षात ठेवावे. पुढच्या लांब रस्त्यावर मोबाईलला रेंज नसते, म्हणून दिशा आणि वेळापत्रक आधीच उतरवून घेतलेले बरे. जुलैत मगरिब रात्री दहाच्या सुमारास होते, इशा त्याहून बरीच पुढे. आमचे घर शाफई, त्यामुळे प्रवासात कस्रबरोबर जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत होती. हनफी घरांनी याबाबत आपल्या आलिमांना विचारून निघावे.

तलावांचा रंग

कॅलगरीहून सुमारे १३० किलोमीटरवर बान्फ. कॅनडाचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान, सुरुवात १८८५ ची. इथल्या महामार्गावर मध्येच झाडे-गवत वाढलेले रुंद पूल आडवे दिसतात. ते माणसांसाठी नाहीत. अस्वले, लांडगे, हरणे गाड्यांखाली सापडू नयेत म्हणून बांधलेले त्यांचे रस्ते आहेत ते.

पुढे लेक लुईस. पाणी फिरोजी, दुधाळ, रंग कालवल्यासारखे. कारण साधे आहे. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते. ते पिठासारखे बारीक दगडी चूर्ण पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून परतणारा प्रकाश निळा-हिरवा दिसतो. काठाची पायवाट सपाट आहे. अब्बा काठी टेकत, बाकांवर थांबत तलावाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले.

जवळचा मोरेन तलाव दहा शिखरांच्या दरीत आहे. एके काळी कॅनडाच्या वीस डॉलरच्या नोटेवर त्याचे चित्र होते. २०२३ पासून तिथे खाजगी गाड्या नेता येत नाहीत. बसची जागा आधी राखून ठेवावी लागते.

पाट्यांवरची सालं

लेक लुईसपासून जॅस्परपर्यंतचा सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता म्हणजे आइसफिल्ड्स पार्कवे. वाटेत पेट्रोल मिळण्याचे एकच ठिकाण आहे, म्हणून टाकी भरूनच निघायचे. वाटेत पेटो तलाव वरून पाहता येतो, आणि पुढे अथाबास्का हिमनदी अगदी रस्त्यावरून दिसते.

ही हिमनदी कोलंबिया हिमक्षेत्रातून उतरते. या हिमक्षेत्राचे वितळलेले पाणी तीन दिशांना जाऊन शेवटी प्रशांत, आर्क्टिक आणि अटलांटिक अशा तीन महासागरांना मिळते. गेल्या सव्वाशे वर्षांत अथाबास्काचे टोक दीड किलोमीटरहून अधिक मागे हटले आहे. ते कुठे कुठे होते, हे दाखवणाऱ्या सालांच्या पाट्या वाटेवर लावल्या आहेत.

अब्बांनी हयातभर नदीची पातळी मोजून वहीत लिहिली. ते प्रत्येक पाटीपाशी थांबले. चढ सुरू झाला तिथे गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा खाली दगडावर बसून त्यांनी नातवाला पुढच्या पाटीपर्यंत पावले मोजत पाठवले. तो आकडा घेऊन आला. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या धरणात पाणी कमी झाले तर पुढच्या पावसाची वाट बघायचो. हे भरायला कशाची वाट बघायची?” मुलाकडे उत्तर नव्हते, आमच्याकडेही नव्हते. आठ दिवसांची गाडी पेट्रोल किती प्यायली, हा हिशोब आम्ही त्या संध्याकाळी पहिल्यांदा मुलांसमोर मोठ्याने केला.

जळलेले जॅस्पर

जुलै २०२४ मध्ये वणव्याने जॅस्पर गावाची सुमारे एक तृतीयांश बांधकामे जाळली. हजारो माणसांना रातोरात बाहेर काढावे लागले होते. वर्षभरानंतर गावाभोवती काळी खोडे उभी होती, रिकाम्या चौथऱ्यांवर बांधकाम चालू होते, आणि दुकानदार ‘आलात, बरे झाले’ असे मनापासून म्हणत होते. इथल्या लॉजपोल पाइनची बरीचशी फळे राळेने घट्ट बंद असतात आणि आगीच्या उष्णतेनेच उघडून बी सांडतात. जंगल परत येईल, पण आमच्या नातवंडांच्या काळात.

तिथून ४८ किलोमीटरवर मलीन तलाव आहे, २२ किलोमीटर लांब. बोटीत बसलेल्या अम्मी सबंध फेरीत एक शब्दही बोलल्या नाहीत. उतरल्यावर सुबहानल्लाह म्हणाल्या आणि इन्सुलिनची वेळ झाल्याची आठवण केली.

परतीची वाट

आल्या वाटेने न परतता आम्ही एडमंटनमार्गे आलो. तिथल्या फोर्ट एडमंटन पार्कमध्ये कॅनडातील पहिली मशीद, १९३८ ची अल रशीद, जतन करून ठेवली आहे. निधी गोळा करण्यात हिल्वी हमदान ही बाई आघाडीवर होती, आणि पुढे इमारत पाडण्याची वेळ आली तेव्हाही ती वाचवायला मुस्लिम बायकाच पुढे आल्या. उद्घाटनाला कुरआनचे इंग्रजी भाषांतरकार अब्दुल्लाह युसुफ अली हजर होते. ते जन्माने मुंबईचे, हे ऐकून अब्बा खूश झाले.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी तळाची जागा वर्षाच्या सुरुवातीलाच राखून ठेवावी. उद्यानाचा पास वेगळा घ्यावा लागतो का, हे निघण्यापूर्वी तपासावे. जुलैतही पहाटे स्वेटर लागतो. अस्वलापासून किमान १०० मीटर आणि हरणांपासून ३० मीटर दूर राहावे. आणि घरात कुणी “आम्ही घरीच बरे” म्हणत असेल, तर त्यांचे औषध, त्यांची झोप आणि त्यांचा संडास कुठे असेल, हे आधी ठरवून मग त्यांना पुन्हा एकदा विचारावे.