दाराच्या खाचेतली मोकळीक

सागवानी दिलहेदार दार जोडताना सुतार कडेच्या उभ्या-आडव्या पट्ट्या कूस घालून घट्ट सांधतो. मधला दिलहा मात्र खाचेत नुसता बसवतो. तिथे सरस नाही, खिळा नाही आणि खाचेच्या तळाशी थोडी जागा रिकामी. कोकणातल्या पावसाळ्यात दार तगतं ते त्या रिकाम्या जागेच्या जोरावर.

ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं आधी जातं; त्याने लाकूड फक्त हलकं होतं. ओलावा कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांखाली उतरला, की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आखडतं. हा व्यवहार पुढे कधीच थांबत नाही. दमट हवेतली वाफ भिंती ओढून धरतात, हवा कोरडी झाली की सोडून देतात. जुन्या वाड्याची तुळईदेखील हेच करत असते. तेलरंगाने वेग मंदावतो, एवढंच.

फुगणं सगळ्या दिशांना सारखं नसतं. लांबीत फरक जवळपास नाहीच. रुंदीत मात्र चांगला जाणवतो आणि वलयांच्या कडेकडेने तो सर्वांत जास्त. साग या बाबतीत फार संयमी. तरीही ओलावा ८ वरून १६ टक्क्यांवर गेला, तर सरळसोट चिरलेली ७५ सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी सुमारे ११ मिलिमीटर रुंदावते. असं दार कोणत्या चौकटीत मावेल? दिलहेदार दाराची रुंदी वाढवतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या. त्या दहा-दहा सेंटिमीटरच्या धरल्या, तर वाढ ३ मिलिमीटर. आडव्या पट्ट्या लांबीत हलत नाहीत आणि दिलहा आपल्या खाचेतच फुगतो. इतकं नेमकं उत्तर कुणा एकाचं नाव न लागता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हल्ली मजबुतीसाठी दिलह्याला चहूबाजूंनी सरस लावतात, ते पाहून वाईट वाटतं. उन्हाळ्यात तो आखडू पाहतो, कडा सुटत नाहीत आणि मधोमध तडा जातो.

जुलैत दार अडकलं म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नका. उन्हाळ्यात तिथे फट पडेल. दिवाळीनंतर हवा कोरडी होऊ द्या, तेव्हाही अडकलं तरच तासा. आणि रंगाऱ्याकडून दाराची वरची व खालची कड आठवणीने रंगवून घ्या. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे उघडी असतात आणि लाकूड सर्वांत वेगाने पाणी पितं ते टोकांकडूनच.