५४ मिनिटांची उडी: 'पॅनोरमा'च्या एडिटमध्ये नेमकं काय चुकलं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लेखी स्वरूपात.

'मीडिया बायस्ड आहे' असं आपण सगळेच म्हणतो. पण नेमकं काय चुकलं असं कुणी विचारलं की गाडी अडते. म्हणून आज एकच उदाहरण घेतोय, पण नीट उघडून.

काय झालं?

६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी तासाभराहून मोठं भाषण केलं. त्याच दुपारी त्यांच्या समर्थकांनी कॅपिटलवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, हल्ला केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या निवडणुकीला आठवडा उरलेला असताना, बीबीसीच्या 'पॅनोरमा'ने ट्रम्प यांच्यावर माहितीपट दाखवला. त्यात ते सलग बोलताना दिसतात: आपण कॅपिटलकडे चालत जाऊ, मी तुमच्यासोबत असेन, आणि आपण जीव तोडून लढू.

मूळ भाषणात मात्र चालत जाण्याच्या वाक्यानंतर येतं ते 'आपल्या शूर खासदारांना प्रोत्साहन देऊ'. 'लढू'वाला तुकडा येतो सुमारे ५४ मिनिटांनंतर. 'शांततेने आवाज पोहोचवा' हे वाक्यही भाषणात आहे, पण ते माहितीपटात नव्हतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बीबीसीचा एक अंतर्गत मेमो फुटला, 'टेलिग्राफ'ने तो छापला आणि प्रकरण पेटलं. ९ नोव्हेंबरला डायरेक्टर जनरल टिम डेव्ही आणि न्यूज प्रमुख डेबोरा टर्नेस या दोघांनी राजीनामे दिले. बीबीसीने ट्रम्प यांची माफीही मागितली.

मग एडिट करूच नये का?

करावंच लागतं. तासाभराचं भाषण कोण पूर्ण दाखवणार? फरक समजायला दुसरी केस बघा. त्याच ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतल्या सीबीएस चॅनलने कमला हॅरिस यांच्या एकाच उत्तराचा एक भाग एका कार्यक्रमात आणि दुसरा भाग '६० मिनिट्स'मध्ये दाखवला. ट्रम्प यांनी केस ठोकली. पुढे पूर्ण ट्रान्सक्रिप्ट बाहेर आली, तेव्हा दिसलं की दोन्ही तुकडे त्याच प्रश्नाच्या त्याच उत्तरातले होते. तरीही जुलै २०२५ मध्ये मालक कंपनी पॅरामाउंटने १.६ कोटी डॉलर देऊन केस मिटवली.

म्हणजे सीबीएसने उत्तर छोटं केलं, तर 'पॅनोरमा'ने माणूस बोललाच नाही असं वाक्य तयार केलं, आणि जोड दिसू दिला नाही. मी रोज कोड लिहितो. तिथे कुणी दोन ओळी इकडच्या तिकडे केल्या तरी हिस्टरीत नोंद राहते. टीव्हीच्या प्रेक्षकाला अशी हिस्टरी मिळत नाही. म्हणून तुकडा बदलला की मधे एक फ्लॅश किंवा निवेदकाचं 'नंतर ते म्हणाले' एवढं तरी हवंच.

हा बायस होता का?

इथे जरा थांबूया. बग सापडला की कोड चुकला हे सिद्ध होतं. तो मुद्दाम घातला हे वेगळं सिद्ध करावं लागतं. मेमोचं म्हणणं होतं की बीबीसीत असा एकतर्फीपणा वारंवार दिसतो. बीबीसीचे चेअरमन समीर शाह यांनी निर्णय चुकल्याचं मान्य केलं, पण संस्थाच पक्षपाती आहे हे नाकारलं. एका कटवरून हा वाद सुटत नाही. त्यासाठी अनेक कार्यक्रम तपासावे लागतील.

पण नुकसान झालंच. त्या दिवसाबद्दल ट्रम्प यांना प्रश्न विचारायला खरं फुटेज पुरेसं होतं. चिथावणीच्या आरोपावरून १३ जानेवारी २०२१ ला प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला, नंतर सिनेटने त्यांना निर्दोष सोडलं. हे सगळं त्या कटशिवायच घडलं होतं. आता मात्र 'सगळंच फेक आहे' म्हणणाऱ्यांना कायमचा पुरावा मिळाला. शॉर्टकट ज्या मुद्द्यासाठी मारला, तोच मुद्दा हातातून गेला.

तुम्ही काय करायचं?

नेत्याची क्लिप आली की तीन गोष्टी बघा. बोलताना चेहऱ्याऐवजी गर्दी दिसायला लागली का? तिथे कट लपलेला असू शकतो. पूर्ण भाषण मिळतंय का? दोन वाक्यांत किती अंतर आहे? आणि नावडत्या नेत्याच्या क्लिपलाही हेच लावा, कारण तिथेच आपण सगळ्यात कमी तपासतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!