मूतखडा, हॉर्सटेल आणि फर्नेसवरची पाळी

भोसरीतल्या फोर्जिंग शॉपमध्ये किंवा चाकणच्या फौंड्रीत एप्रिल-मेच्या पाळ्या काढलेल्या माणसाला मूतखडा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. स्वतःला झाला नसेल तर शेजारच्या मशीनवाल्याला झालेला असतो, आणि त्याच्याकडे औषधही तयार असतं. कुणी हुलग्याचं पाणी सांगतं, कुणी पानफुटीचं पान, कुणी गोखरूचा काढा, तर कुणी होमिओपॅथीतलं बर्बेरिसचं मदर टिंक्चर. या यादीत आता ऑनलाइन मिळणाऱ्या कॅप्सूलचीही भर पडली आहे. डबीवर नाव असतं हॉर्सटेल, शास्त्रीय नाव इक्विसेटम.

ही वनस्पती थंड, ओलसर मुलखातली; आपल्या देशात ती हिमालयात उगवते. तिला फूल नाही, बी नाही. नेच्यासारखी ती बीजाणूंवर वाढते. पोकळ, पेरापेरांची हिरवी कांडी ओढली की पेरावर अलगद सुटते. तिच्यावरून बोट फिरवलं तर खरखरीत लागतं, कारण जमिनीतून शोषलेली सिलिका ती आपल्या सालीत साठवते. युरोपात बायका तिने कथलाची भांडी घासत. जपानी कारागीर तिच्याच एका जातीने लाकूड गुळगुळीत करतात. टूलरूमवाल्याला सांगायचं तर हा उगवणारा पॉलिश पेपर. तीसेक कोटी वर्षांपूर्वी तिचे भाऊबंद झाडांएवढे उंच होते, आणि आजच्या दगडी कोळशात त्यांचाही वाटा आहे.

ग्रीक-रोमन वैद्य रक्तस्राव थांबवायला ती वापरत. पुढे युरोपात तिचा काढा लघवी साफ व्हावी म्हणून घेतला जाऊ लागला. होमिओपॅथीत मुलं झोपेत अंथरूण ओलं करतात त्यावर ती देतात. केस आणि नखं मजबूत होण्याचा दावा मात्र सिलिकेच्या नावावर बराचसा विक्रेत्यांनीच वाढवलेला.

लघवी वाढवण्याचा गुण निव्वळ ऐकीव नाही. २०१४ साली ब्राझीलमध्ये ३६ निरोगी पुरुषांना रोज ९०० मिलिग्रॅम हॉर्सटेलचा अर्क देऊन पाहिला. हायड्रोक्लोरोथायझाइड या नेहमीच्या गोळीइतकाच त्याचा परिणाम दिसला. पण प्रयोग मोजक्या दिवसांचा, तोही धडधाकट माणसांवर. खडा विरघळतो असं त्यातून कुठेच सिद्ध होत नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी तर याच्या वाटेला जाऊच नये. कच्च्या हॉर्सटेलमध्ये बी-१ जीवनसत्त्व मोडणारं थायामिनेज हे विकर असतं. ती मिसळलेला चारा खाऊन घोडे आजारी पडतात. शिवाय दलदलीत वाढणारी तिची एक सख्खी बहीण विषारी आहे, आणि वाळवून कुटल्यावर दोघींतला फरक कोण सांगणार?

आपल्याकडे या कामासाठी हिमालय गाठायची गरज कधी पडली नाही. चरकाने लघवी वाढवणाऱ्या दहा वनस्पतींचा गटच सांगितला आहे. त्यात गोखरू आणि पाषाणभेद आहेत, तसंच दर्भ, कुश, काश ही गवतंही आहेत. गवतांच्या पात्यांतही सिलिका भरपूर असते, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. त्यावरून लगेच सिद्धांत मांडायला मी धजणार नाही. गोखरू म्हणजे मोकळ्या रानात चपलेत घुसणारा सराटाच. तो कंपनीच्या भिंतीलगतही उगवतो, पण कारखान्यांच्या नाल्याकाठचा उपटून काढा करू नये. मातीतले जड धातू मुळांवाटे झाडात येतात, आणि उकळून ते नाहीसे होत नाहीत.

मग इतक्या जणांना गुण कसा येतो? पाच मिलिमीटरच्या आतले बहुतेक खडे आपोआप पडतात. त्या आठवड्यात जे औषध चालू असेल त्याच्या खात्यावर श्रेय जमा होतं. आणि तांब्याभर काढा पिणारा माणूस तांब्याभर पाणीही पीत असतो.

पाण्याचा हिशेब इटलीतल्या संशोधकांनी नीट मांडला आहे. तिथल्या एका काचकारखान्यात भट्टीच्या धगीत काम करणाऱ्यांपैकी ८.५ टक्के जणांना खड्याचा त्रास होता, तर गार जागी काम करणाऱ्यांत तो २.४ टक्क्यांना होता. हा अभ्यास १९९३ चा. घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते, क्षार स्फटिक धरतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, एकदा खडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं. दिवसाला दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना खडा पुन्हा झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना.

खडा असताना ताप आला किंवा लघवी अडली, तर काढा, कॅप्सूल सगळं बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

एरवी पाणी प्यायचं, हे सांगणं सोपं. २५० हून जास्त कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी हवं, असं १९४८ च्या कारखाना कायद्यात लिहिलं होतं. पाणी कूलरमध्ये असतंही. पण असेंब्ली लाइनवरच्या माणसाला लघवीला जायचं तर जागेवर रिलिव्हर उभा करावा लागतो. रिलिव्हर नसला की तो बाटलीतलं पाणी घोटघोट पुरवतो, किंवा जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाटली उघडतच नाही.