पांढरा साका

पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की, आता पान उलटतो. मला ते जमत नाही. प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात, इचलकरंजीच्या खालच्या अंगाला, अशाच खचाशेजारी मी बाटली घेऊन उभा होतो. एकही बुडबुडा न ठेवता ती नदीच्या पाण्याने भरायची अन्‌ त्यात दोन द्रावणे सोडायची. पाण्यात प्राणवायू असेल, तर चहाच्या रंगाचा साका बसतो. नसेल तर पांढरा. माझ्या बाटलीत तो दुधासारखा पांढरा उतरला.

"पांढरं म्हंजी बरं न्हवं का, सायेब?" शेजारच्या म्हाताऱ्या भोईदादांनी विचारले. काय सांगणार?

मासे दरवेळी विषानेच मरतात असे नाही. पुष्कळदा ते गुदमरतात. सांडपाण्यातला सेंद्रिय मळ हे जिवाणूंचे अन्न. ते जेवायला बसले की पाण्यातला प्राणवायू संपवतात. त्यांची ही भूक मोजण्याचे माप म्हणजे बीओडी. आता भागाकार करून पाहा. उसाच्या मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याची भूक लिटरमागे ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात जाते. स्वच्छ नदीच्या एका लिटरात उन्हाळ्यात प्राणवायू असतो फार तर ८ मिलिग्रॅम. म्हणजे ते एक लिटर किमान पाच हजार लिटर नदी गुदमरवू शकते! आंघोळीच्या पाण्याला मर्यादा आहे ३ मिलिग्रॅमची.

पण हे माप सावकाश चालते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या रॉयल कमिशनने नमुना पाच दिवस ठेवायचे ठरवले. तिथल्या नद्या तेवढ्यात समुद्राला मिळतात, हा हिशेब. आपल्या उष्ण हवेत २७ अंशांवर तीन दिवस पुरतात. दोन तासांत उरकणारी सीओडी चाचणीही आहे. मात्र जिवाणूंना न पचणारेही ती मोजते, त्यामुळे खरी भूक कळत नाही.

माझा आकडा आला चौथ्या दिवशी. तोवर वरून पाणी सोडले गेले होते, मासे नरसोबाच्या वाडीकडे वाहून गेले होते. वरच्या अंगाच्या एका कारखान्याचे साहेब म्हणाले, "आजचं पाणी तपासा ना!"

आजचे तपासले. साका चहाच्या रंगाचा बसला. मी दोन्ही बाटल्यांची तारीख आणि वेळ अहवालात लिहिली. भोईदादांनी महिनाभर जाळे वाळतच ठेवले होते.