शेकशेगडी आणि टाके

बाळंतपणासाठी भारतातून आई किंवा सासूबाई इकडे येतात, तेव्हा त्यांच्या सामानात डिंक, अळीव, ओवा, वावडिंग, बाळंतशेपा हे ठरलेलंच. त्यातलं बरंचसं पोटात जातं. काही धुरीसाठी असतं. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तीवर ओवा-वावडिंग-शेपा चिमूट चिमूट टाकायचा आणि बाळंतिणीचं अंग, विशेषतः टाक्यांची जागा, शेकून कोरडी ठेवायची, ही आपली जुनी रीत.

हॉलंडमध्ये ती जशीच्या तशी चालायची नाही. 1 जुलै 2022 पासून इथे घराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा अलार्म सक्तीचा आहे, आणि त्याला ओवा काय नि आग काय, सारखंच! खरा धोका वेगळाच. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, आणि शेजारी तान्हं बाळ असतं. तेव्हा शेगडी नकोच.

मग घरी येते क्रामझोर्गची बाई. साधारण आठ दिवस ती टाके बघते, ताप मोजते. सूज असली की गार घडी ठेवायला सांगते, आणि आजीबाई कपाळाला हात लावतात. आमच्या मते इथे आजींनी जरा दमानं घ्यावं. पहिल्या एक-दोन दिवसांत गारव्यानं ठणका कमी होतो. फक्त बर्फ कापडात गुंडाळलेला हवा. लघवी करताना कोमट पाण्याची धार सोडायची, मग हलकेच टिपून घ्यायचं. जागा स्वच्छ नि कोरडी राहावी, धुरीचा हेतू तरी दुसरा काय होता?

हळद, काढे, तेलं थेट टाक्यांवर नकोत. फोडणीच्या डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते. इंग्लंडात 635 बाळंतिणींना आंघोळीच्या पाण्यात लॅव्हेंडर तेल वगैरे देऊन पाहिलं, त्याचा निष्कर्ष 1994 मध्ये आला: दुखण्यात ठाम फरक नाही. इसबगोल मात्र खरोखर कामाचा, कारण शौचाला कुंथावं लागलं की टाक्यांवर ताण येतो. तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचा. 'बाळंतिणीला पाणी कमी' हा नियम इथे सोडा. शेपा खुशाल चावा. बाळ बघायला आलेल्यांना डच लोक मौशेस देतात, त्यातही बडीशेपेच्या जातीचंच बी असतं!

ताप 38 अंशांच्या वर गेला, घाण वास आला, टाका उसवला किंवा दुखणं रोज वाढत गेलं, तर सुईणीला लगेच फोन करायचा, रात्री दोन वाजले असले तरी.