पन्नास आसनांच्या विमानाबद्दल थोडं स्पष्टीकरण

विमान लहान म्हणजे जुनाट, पंख्याचं आणि धोक्याचं, हा समज अजून घट्ट आहे. कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरने २५ जानेवारी २०१९ रोजी सेवा सुरू केली ती एम्ब्रेअर ईआरजे-१४५ या ५० आसनी जेटवर. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या. मधली सीटच नाही. हवेतले धक्के जरा जास्त जाणवतात, पण धक्का जाणवला म्हणून विमान असुरक्षित ठरत नाही. परवाना, देखभाल, वैमानिकांच्या तपासण्या, सगळ्यांवर डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेची देखरेख असते. आणि एटीआरसारखं पंख्याचं छोटं विमानही मागासलेलं नव्हे. कमी अंतरावर ते जेटपेक्षा कमी इंधन खातं.

‘मग एअरबस का आणत नाहीत?’ मोठ्या विमानात दर खुर्चीमागे खर्च कमी पडतो हे खरं, पण खुर्च्या भरल्या तरच. बेळगाव–किशनगडसारख्या मार्गावर रोज १८० प्रवासी कुठून आणायचे? रिकाम्या विमानालाही वैमानिक, इंधन, लँडिंगचं शुल्क लागतंच. म्हणून कंपनीने पुढची पायरीही बेतानेच घेतली: २०२३मध्ये ७६ आसनी ई-१७५.

विमानं वाढली की मार्ग आपोआप वाढतात, असंही नाही. दोन्ही विमानं एम्ब्रेअरचीच, तरी एकाचा वैमानिक दुसरं थेट उडवू शकत नाही. टाइप रेटिंग, म्हणजे त्या-त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, वेगळं; सुटे भाग वेगळे. छोट्या ताफ्यात राखीव विमान ठेवणं फार महाग पडतं. सकाळी एक बिघडलं की संध्याकाळपर्यंत तीन-चार शहरांचं वेळापत्रक कोलमडतं. प्रवाशाचा संताप रास्तच आहे, पण दर वेळी त्यामागे बेपर्वाई नसते.

छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतलं प्रत्येक तिकीटही स्वस्त नसतं. योजनेच्या सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची मर्यादा होती, तीही साधारण निम्म्या जागांना. तूट भरून देणारं अनुदान तीन वर्षांपुरतं. त्यात राज्याचाही वाटा.

धावपट्टी झाली की विमान येतंच आणि टिकतंच, हा समज मात्र नांदेडने पुरता खोटा ठरवला. ‘उडान’च्या पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ला, ट्रूजेट या कंपनीचं नांदेड–हैदराबाद विमान सुरू झालं. २०२२मध्ये ट्रूजेट बंद पडली. स्टार एअर नांदेडहून उडू लागली ती २०२४मध्ये.