न विचारलेल्या प्रश्नांची सोय

अपोलो मोहिमेच्या सॅटर्न-५ रॉकेटमध्ये सुटे भाग लाखोंनी होते. कोणता भाग कशात बसतो याचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने १९६०च्या दशकात आयएमएस हा डेटाबेस घडवला. त्याची मांडणी वंशावळीसारखी होती: रॉकेटच्या पोटात टप्पे, टप्प्यात इंजिनं, इंजिनात झडपा. वरून खाली उतरत गेलं की उत्तर झटकन मिळे. पण ‘ही झडप कुठेकुठे वापरली आहे?’ असा उलटा प्रश्न आला की पंचाईत! त्याची वाट आधी आखलेली नसेल तर सगळं झाड धुंडाळायचं. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी त्याआधीच झाडाऐवजी जाळं विणलं होतं, एका नोंदीला अनेक पालक दिले होते. तरी त्या जाळ्यातून वाट काढणं प्रोग्रामरच्याच माथी राहिलं.

आयबीएममधलेच गणिती एडगर कॉड यांना ही वाट काढण्याची उस्तवारच नको होती. १९७०च्या निबंधात त्यांनी मांडलं, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी आणि नाती जुळवावीत ती तक्त्यांतल्या मूल्यांवरून. माणसाने काय हवं तेवढं सांगायचं. कसं शोधायचं ते यंत्र बघून घेईल. साठवताना जो प्रश्न कोणाच्या डोक्यातही नव्हता, तो वीस वर्षांनी विचारता येतो, ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत मोठी उडी. आयएमएसमधून आयबीएमची कमाई चालू होती, त्यामुळे तिथे फारशी घाई नव्हती. कॉड यांच्या कल्पनेवर, आयबीएमच्याच संशोधकांनी रचलेल्या एसक्यूएल भाषेत, १९७९ साली बाजारात माल आणला तो ऑरेकलने. पहिली विक्रीची आवृत्तीही ‘व्हर्जन २’ म्हणून विकली. व्हर्जन १ घ्यायला गिऱ्हाईक बिचकेल म्हणून!

बँकांना तक्त्यांइतकीच भावली ती व्यवहाराची हमी. तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले आणि समोरच्याकडे जमा होण्याआधी वीज गेली, तर अर्धवट काही उरत नाही; वजावटही मागे घेतली जाते. या हमीचा शास्त्रशुद्ध पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे अग्रणी. त्यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मग ही घडी मोडावीशी का वाटली? कारण इंटरनेटवरच्या दुकानांचा पसारा एका यंत्रात मावेना. ॲमेझॉनने २००७ साली आपल्या डायनॅमो या डेटाबेसची रचना जाहीर केली. तिचा हट्ट एकच: काही यंत्रं बंद पडली तरी ग्राहकाची वस्तू कार्टमध्ये पडलीच पाहिजे. त्यासाठी निरनिराळ्या यंत्रांवरच्या प्रतींत काही काळ तफावत राहिली तरी चालवून घेतली. नंतर प्रती जुळवताना ग्राहकाने काढून टाकलेली वस्तू कधी कधी कार्टमध्ये पुन्हा उगवे. दुकानाला हे परवडतं, बँकेला नाही. शिवाय डायनॅमोत नोंद सापडायची ती तिच्या किल्लीवरूनच, म्हणजे कोणते प्रश्न येणार ते पुन्हा आधीच ठरवायला लागलं.

२००९ साली आलेल्या मोंगोडीबीने दस्तऐवजांची तऱ्हा लोकप्रिय केली. साडीच्या नोंदीत काठ-पदर, मोबाइलच्या नोंदीत बॅटरी; सगळ्यांना एकच रकाने लावायची सक्ती नाही. सोय खरी, पण शिस्त डेटाबेसमधून उठून प्रोग्रामरच्या डोक्यात जाते आणि प्रोग्रामर नोकरी बदलतो. स्तंभनिहाय साठवणारे डेटाबेस कोट्यवधी नोंदींच्या बेरजा-सरासरींसाठी उत्तम, एकेक नोंद बदलायला जड. जिथे नातीच महत्त्वाची, तिथे ग्राफ डेटाबेस: २०१६च्या पनामा पेपर्समधल्या सुमारे १.१५ कोटी दस्तऐवजांतून कंपन्या आणि त्यांच्यामागची माणसं जोडायला पत्रकारांनी निओफोरजे वापरला. आणि तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा एसक्यूलाइट हा छोटासा डेटाबेस आहेच, गाजावाजा न करता.

आता सीमारेषा पुसट झाल्या आहेत. पोस्टग्रेस या तक्त्यांच्या डेटाबेसने २०१४ साली जेसनबी हा प्रकार आणून दस्तऐवज तक्त्यांतच सामावून घेतले. मोंगोडीबीने २०१८ साली अनेक दस्तऐवजांवर एकत्र व्यवहाराची हमी दिली. नवं काम काढणाऱ्याने मला विचारलं, तर मी पोस्टग्रेस सुचवेन. पुढे कोणते प्रश्न पडणार हे त्यालाही अजून ठाऊक नसतं.